फवारणी पंपाची बॅटरी माळ्यावर का मरते: चार्जिंग आणि निगेची सगळी रीत

जुलैत पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे दिसले की माळ्यावरचा पंप खाली येतो. बटन दाबलं तर मोटर दोन क्षण घुरघुरते आणि गप्प होते. मग तालुक्याच्या दुकानात नवी बॅटरी घ्यायला गर्दी होते आणि बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात. पण त्यातल्या बहुतेक बॅटऱ्या फवारणीत खराब झालेल्या नसतात. हंगाम संपल्यावर अर्धवट उतरलेल्या अवस्थेत त्या टिनाखाली गेल्या, चार महिने तापल्या आणि तिथेच मेल्या. म्हणून या लेखात रोजच्या चार्जिंगइतकीच जागा उन्हाळ्याला दिली आहे.

आधी बॅटरी ओळखा

पाठीवरच्या १६ ते २० लिटरच्या पंपात बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ८ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. दुकानात तिला 'आठ अँपिअरची' म्हणतात. साधारण १५ सेंटिमीटर लांब, साडेसहा सेंटिमीटर रुंद, सव्वादोन-अडीच किलोची ही पेटी असते. काही पंपांत १२ एएचची येते. थोड्या महाग पंपांत लिथियमचा पॅक असतो. तो हातात घेताच कळतो, कारण तेवढ्याच ताकदीला त्याचं वजन किलोभर किंवा त्याहूनही कमी भरतं. दोघींची चार्जिंगची रीत वेगळी आणि चार्जरही वेगळा. एकीचा चार्जर दुसरीला लावायचा नाही. लेड-ॲसिडचा चार्जर साडेचौदा व्होल्टपर्यंत चढतो, तर तीन सेलच्या लिथियम पॅकची मर्यादा १२.६ व्होल्ट असते. आतलं संरक्षण सर्किट चाललं नाही तर तो पॅक फुगतो, पेटूही शकतो.

लेड-ॲसिड बॅटरीच्या अंगावर तीन गोष्टी छापलेल्या असतात, त्या एकदा वाचून ठेवा. 'सायकल यूज'पुढे १४.४ ते १५ व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो. रोज वापरून रोज भरायच्या बॅटरीला चार्जरने इथपर्यंत चढवायचं असतं. 'स्टँडबाय यूज'पुढे १३.५ ते १३.८ असतं. बॅटरी भरल्यावर चार्जर लावूनच ठेवायचा असेल तर त्याने इथे उतरून थांबायला हवं. तिसरा आकडा सुरुवातीच्या करंटचा. ८ एएचच्या बॅटरीवर तो बहुधा २.४ अँपिअर असतो, म्हणजे याहून जोरात भरायचं नाही. पंपासोबत मिळणारे चार्जर बहुधा दीड-दोन अँपिअरचे असतात, ते बरोबर आहेत.

ट्रॅक्टरच्या बॅटरीला किंवा घरच्या इन्व्हर्टरला वायर जोडून पंपाची बॅटरी 'पटकन' भरायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. तिथे करंटला लगाम नसतो. रिकामी बॅटरी एकदम दहा-पंधरा अँपिअर ओढते, आत गॅस होतो, झडपेतून बाहेर पडतो आणि गेलेलं पाणी परत येत नाही. दोन-चार वेळा असं केलं की बॅटरी वजनाला हलकी आणि कामाला निकामी होते.

एका चार्जिंगमध्ये किती टाक्या?

८ एएच हा आकडा वीस तासांच्या हिशेबाने असतो, म्हणजे ०.४ अँपिअर ओढलं तर वीस तास. पंपाची मोटर दोन-तीन अँपिअर ओढते आणि इतक्या वेगाने ओढलं की तीच बॅटरी सहाच्या आसपास देते. समजा मोटर अडीच अँपिअर घेते आणि १६ लिटरची टाकी आठ मिनिटांत रिकामी होते. मग एका टाकीला सुमारे एक तृतीयांश एएच लागला. सहा एएच पूर्ण पिळले तर अठरा टाक्या होतील. पण लेड-ॲसिड बॅटरी पिळायची नसते. रोज तळापर्यंत उतरवली तर ती साधारण दोनशे-अडीचशे वेळा भरते, निम्म्यावर थांबवून भरली तर त्याच्या जवळपास दुप्पट.

म्हणून हिशेब चार एएचचा ठेवा, म्हणजे बारा टाक्या. वाढलेल्या पऱ्हाटीला एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि बारा टाक्या म्हणजे १९२ लिटर. एक एकर झाला की बॅटरीही थांबवायच्या जागी आली, असं ध्यानात ठेवायला सोपं जातं. दिवसाला दोन-अडीच एकर मारायचं असेल तर दुसरी बॅटरी भरून सोबत न्या. डबल मोटरचा पंप जवळपास दुप्पट ओढतो, त्याच्या टाक्या निम्म्या धरा. फवाऱ्याचा जोर कमी झाला तरी 'एवढी एक ओळ होऊ दे' म्हणून ओढत राहणं सगळ्यात महाग पडतं. बॅटरीच्या आतल्या दोन-दोन व्होल्टच्या सहा सेलपैकी जो अशक्त असतो तो अशा वेळी उलटा भरायला लागतो आणि पुढे तोच सगळ्या बॅटरीला घेऊन बुडतो.

रोजचं चार्जिंग, क्रमाने

१. टाकीतलं उरलेलं औषध पिकावरच संपवा. टाकीत दोन-तीन लिटर साधं पाणी घालून पंप एक मिनिट चालवा, तेही वावरातच. विहीर, नाला किंवा गुरांच्या हौदापाशी नाही. पंप बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. चार्जिंगच्या भोकावर पाण्याची धार मारू नका.

२. चार्जिंगचं भोक आणि त्याचं रबरी झाकण कोरड्या कपड्याने पुसा. औषधाचं पाणी तिथे वाळलं की पांढरट-हिरवा थर जमतो. त्यातून करंट धड जात नाही आणि पिन तापते.

३. पंप अर्धा-पाऊण तास सावलीत राहू द्या. तापलेली बॅटरी लगेच लावू नका. पण उद्यावरही ढकलू नका. उतरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक खडे धरतात. त्याच दिवशी भरली तर ते विरघळतात, आठवडाभर राहिले तर कडक होतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत.

४. पंपाचं बटन बंद करा, वेग कमी-जास्त करायचा खटका शून्यावर आणा.

५. आधी चार्जरची पिन पंपात घाला, मग चार्जर बोर्डात लावा, शेवटी बोर्डाचं बटन दाबा. काढताना उलट: आधी बोर्डाचं बटन बंद, मग बोर्डातला चार्जर, शेवटी पंपातली पिन. चालू चार्जरची पिन ओढली की ठिणगी उडते. भरत आलेल्या बॅटरीतून थोडा हायड्रोजन बाहेर पडू शकतो आणि हवेत तो ४ टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीने पेटतो. उघड्या पडवीत एवढा साठत नाही, बंद कपाटात साठू शकतो.

६. लाल दिवा लागला का बघा आणि वेळ लक्षात ठेवा. चार एएच वापरले असतील तर वीस टक्के जास्त, म्हणजे ४.८ भरावे लागतात. १.७ अँपिअरच्या चार्जरने तीन तास. शेवटच्या टप्प्यात करंट कमी होत जातो, त्याचे आणखी दोन तास धरा. एकूण पाच-सहा तास झाले.

७. दिवा हिरवा झाल्यावर तासभर राहू द्या, मग काढा.

रात्रभर लावून ठेवावं का, याचं उत्तर चार्जरवर अवलंबून आहे. दिवा हिरवा झाल्यावर मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १३.५ ते १३.८ दिसलं तर चार्जर खाली उतरला आहे, सकाळपर्यंत राहिला तरी चालेल. १४.५ च्या वरच अडकला असेल तर तो बंद होणारा चार्जर नाही. बदली म्हणून घेतलेले स्वस्त चार्जर बरेचदा असेच निघतात, त्यांना घड्याळ लावूनच वापरा. मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत येतो. बॅटरीवर चालणारं एकही यंत्र घरात असेल तर तो घ्यावाच.

चार्जिंगची जागा

यावर थोडं थांबावं लागेल, कारण इथे बॅटरीपेक्षा माणसांचा प्रश्न आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. पंप कितीही धुतला तरी पट्ट्यात, नळीत आणि झाकणाच्या आट्यांत औषध राहतंच. तो पंप स्वयंपाकघरातल्या बोर्डाला, पोरं निजतात त्या खोलीत, पाण्याच्या रांजणाशेजारी लावायचा नाही. आत न्यायचंच असेल तर बॅटरी पंपातून बाहेर काढा आणि नुसती बॅटरी न्या. चार स्क्रू आणि वायरच्या टोकांना असलेल्या दोन टिकल्यांचं काम आहे.

दुसरा धोका आगीचा. नोव्हेंबर-डिसेंबरात हरभऱ्यावर घाटेअळीसाठी पंप पुन्हा निघतो आणि नेमका तेव्हाच घरात कापूस भरलेला असतो, कधी छपरापर्यंत. कापसाच्या खोलीत चार्जर लावणं म्हणजे वर्षाची कमाई एका ढिल्या पिनेच्या भरवशावर सोडणं. कुटार, म्हणजे गुरांचा कोरडा भुसा, भरलेल्या कोठ्यातही तेच. फरशीची किंवा सारवलेली मोकळी पडवी, वरून पाऊस लागणार नाही, खाली पोतं किंवा सतरंजी नाही, आजूबाजूला दोन-तीन हात काही पेटण्यासारखं नाही, अशी जागा निवडा. चार्जरही उशी-गोधडीवर ठेवू नका, तो तापतो आणि त्याला हवा लागते.

जमिनीवर ठेवली की बॅटरी 'जमिनीत उतरते' ही जुनी समजूत आजच्या प्लास्टिकच्या पेटीला लागू नाही. फरशीवर खुशाल ठेवा.

लाईनचा भरवसा

गावठाणातली सिंगल फेज संध्याकाळी बसते. १६०-१७० व्होल्टवर काही चार्जरचा दिवा लाल दिसतो पण बॅटरी भरत नाही, किंवा दुप्पट वेळ घेते. तेव्हा पहाटेची वेळ साधा. चार ते आठ लाईनही बरी असते आणि हवाही थंड. लाईन गेली तर बोर्डाचं बटन बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा, कारण परत येताना पहिला झटका मोठा असतो. मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की चार्जर बोर्डातून उपटून ठेवा. नुसतं बटन बंद करून भागत नाही.

विहिरीवरच्या स्टार्टर पेटीतून पंप चार्ज करायचा मोह टाळा. तिथे थ्री फेज असते आणि न्यूट्रल बरेचदा नसतोच. चुकून दोन फेज धरल्या तर ४१५ व्होल्ट चार्जरवर येतात आणि तो जागेवर फुटतो. एक फेज घेऊन दुसरं टोक जमिनीत गाडलेल्या सळईला जोडणं त्याहून वाईट, कारण ओल्या जमिनीत त्या सळईभोवती पाय ठेवणाऱ्याला झटका बसतो. असे अपघात होतात आणि ते पंपाच्या बॅटरीसाठी होऊ नयेत.

पंधरा दिवसांतून एकदा

बॅटरीचा कप्पा उघडा. टाकीच्या तळाशी गळती असेल तर औषध थेट इथे येतं. आत ओल दिसली तर आधी गळती शोधा, मग बॅटरीकडे वळा. कप्प्याच्या तळाला पाणी जायचं छिद्र असतं, ते मातीने बुजलेलं असेल तर काडीने मोकळं करा.

टोकांवर पांढरी किंवा हिरवी पावडर जमली असेल तर आधी काळी वायर काढा, मग लाल. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा, जुना टूथब्रश त्यात बुडवून झटका आणि फक्त टोकं घासा. पाणी झाकणाच्या फटीत जाऊ देऊ नका. साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळवा. वायरच्या टोकाची टिकली ढिली वाटली तर पक्कडीने हलकेच दाबून घ्या. ती जोर लावूनच बसली पाहिजे. ढिली टिकली तापते, बॅटरीचं प्लास्टिक मऊ होतं आणि टोकच बाहेर येतं. आधी लाल जोडा, मग काळी, शेवटी वरून व्हॅसलीनचा पातळ थर. लाल-काळी उलटी झाली तर पंपाचं सर्किट एका क्षणात जातं.

फ्यूज जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती तुमच्या पाठीला टेकलेली असेल.

बॅटरी लवकर उतरते तेव्हा दोष दरवेळी बॅटरीचा नसतो. हातातला खटका सोडल्यावर मोटर दोन-तीन सेकंदांत थांबायला हवी, कारण दाब वाढला की प्रेशर स्विच तिला बंद करतो. ती चालूच राहत असेल तर स्विच चिकटला आहे, नाहीतर नळीला किंवा वायसरला कुठे गळती आहे. अशा पंपाची मोटर टाकी भरतानाही, ओळ बदलतानाही बॅटरी खात असते. टाकीच्या तोंडाची आणि तळाची जाळी रोज धुवा. गाळलेल्या पाण्यातच औषध कालवा, नाल्याच्या गढूळ पाण्याने मोटरचे व्हॉल्व्ह अडकतात.

बिघाड कसा ओळखायचा

बॅटरी पूर्ण भरून, चार्जर काढून चार-पाच तास नुसती ठेवा. मग व्होल्टेज मोजा. १२.८ च्या आसपास असेल तर चांगली. १२.४ म्हणजे पाऊण भागाच्या जवळ, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पावच उरली. पूर्ण भरून ठेवल्यावरही १२.४ च्या वर जात नसेल तर सल्फेट धरलं आहे. नेमकं साडेदहाच्या आसपास दिसलं तर सहातला एक सेल गेला. भरलेल्या प्रत्येक सेलचे दोन-सव्वादोन व्होल्ट असतात, एक वजा झाला की एवढंच उरतं. त्या बॅटरीवर वेळ घालवू नका.

नुसतं व्होल्टेज फसवू शकतं, म्हणून दुसरी चाचणी मोटर चालवून करा. टाकीत साधं पाणी घाला, फवारा सुरू करा आणि तेव्हाच टोकांवर मल्टीमीटर धरा. भरलेली बॅटरी १२ च्या वर टिकते, पाच मिनिटांनी थोडी उतरते. बटन दाबताच १० किंवा त्याखाली कोसळली तर आत ताकद नाही.

चार्जरचा दिवाही बोलतो. रिकामी बॅटरी लावताच दिवा हिरवा झाला, तर बॅटरी एका क्षणात भरली असं होत नाही. फ्यूज उडाला आहे, टिकली सुटली आहे, किंवा बॅटरी इतकी खाली गेली आहे की चार्जर तिला ओळखतच नाही. आधी फ्यूज, मग टिकल्या, मग व्होल्टेज, या क्रमाने बघा. उलट बारा तास झाले तरी दिवा लाल आणि बॅटरी हाताला गरम, म्हणजे आत सेल शॉर्ट आहे. लगेच काढा. कोमट असणं ठीक, हात ठेववत नाही इतकी गरम असणं ठीक नाही.

नऊ-दहा व्होल्टवर गेलेल्या बॅटरीला बॅटरीवाल्याकडे कमी करंटवर, अर्ध्या-पाऊण अँपिअरवर, दिवसभर ठेवून बघता येतं. महिनाभरच उतरलेली असेल तर बरेचदा उठते, अख्खा उन्हाळा तशीच पडलेली असेल तर क्वचित. झाकण उचकटून आत डिस्टिल्ड वॉटर घालायची युक्तीही चालते. कोरडी पडलेली बॅटरी त्याने काही आठवडे चालू शकते, पण मग ती सीलबंद राहत नाही आणि आडवी झाली तर तुमच्या पाठीवर ॲसिड गळतं. आमच्या मते पाठीवर घ्यायच्या पंपात हा उद्योग नको. पेटी फुगली असेल, तडा असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिला चार्जर दाखवायचाच नाही.

ॲसिड डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा, पापणी उघडी धरून, आणि थेट दवाखाना गाठा. सोडा डोळ्यात घालायचा नाही.

मार्च ते जून

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी २५ अंश तापमानात नुसती ठेवली तर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास आपोआप उतरते. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तो सावलीतला आकडा. दुपारी टिनाखालचा माळा त्याच्याही वर असतो. म्हणजे तिथे महिन्याला दहा-बारा टक्के गेलेच समजा, आणि आपण ठेवली होती निम्मी. त्यात काही पंपांवर व्होल्टेज दाखवणारा काटा किंवा मोबाईल चार्जिंगचं सॉकेट असतं. ते बटन बंद असतानाही थोडं-थोडं पीत राहतं. जूनपर्यंत बॅटरी तळाला जाते आणि खडे पक्के होतात.

हरभऱ्याची किंवा तुरीची शेवटची फवारणी झाली की त्याच आठवड्यात एवढं करा. पंप साबणाच्या पाण्याने, मग दोनदा साध्या पाण्याने धुवून चालवा आणि सगळं पाणी काढून टाका. बॅटरी पूर्ण भरा. मग ती पंपातून काढून घ्या, निदान लाल वायर तरी सोडवून टोकावर चिकटपट्टी लावा. ठेवायची जागा माळ्यावर नाही. मातीच्या भिंतीची, खाली, सगळ्यात थंड खोली शोधा. पलंगाखाली चालेल, पण ती ओलसर नसावी आणि पोरांच्या हाताला लागू नये. टोकं वर असू द्या आणि वर लोखंडी पाना-पक्कड ठेवू नका.

मार्चपर्यंत दोन महिन्यांतून एकदा, एप्रिल-मे-जूनमध्ये दर महिन्याला एकदा चार्जिंगला लावा. तारीख विसरते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावस्येला खूण करून ठेवली तर सोपं जातं. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटेच करा. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे ०.०३ व्होल्ट कमी, म्हणजे २५ अंशांना १४.४ लागत असतील तर ४० ला १४ च्या आसपास. साध्या चार्जरला हे कळत नाही. तो १४.४ च देत राहतो आणि बॅटरी आतून कोरडी पडते.

मृगाच्या आठ दिवस आधी एकदा भरून वर दिलेली मोटरची चाचणी करा. बॅटरी बदलायचीच असेल तर जूनमध्ये दुकानात गर्दी नसते.

लिथियमची वेगळी तऱ्हा

लिथियम पॅकला सल्फेटचा रोग नाही, त्यामुळे निम्मा वापरून ठेवला तरी बिघडत नाही. उलट पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवणंच त्याला बाधतं. हंगाम संपताना तो निम्मा, फार तर साठ टक्के ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा. चार्जिंग ४५ अंशांच्या वर करायचं नाही, म्हणजे मेच्या दुपारी अजिबात नाही. तो हळूहळू मंद होत नाही, आतलं सर्किट त्याला एकदम बंद करतं. मग बटन परत-परत दाबत बसू नका, चार्जर लावा. चार्जर त्याच पंपासोबत आलेलाच हवा. त्यावर १२.६ किंवा १४.६ असा आकडा असतो, तो पॅकच्या आकड्याशी जुळवून घ्या. लिथियम झोपेत चार्ज करू नका, जागेपणी लावा आणि भरला की काढा.

पॅक फुगला, फुसफुसला किंवा गोडसर-उग्र वास आला तर बोर्डाचं बटन बंद करा आणि, अजून पेटला नसेल तर, फावड्याने उचलून अंगणात मोकळ्या मातीवर ठेवा. पेटला असेल तर उचलायचा नाही. माणसं बाहेर काढा, मेन बंद करा, धुरात जाऊ नका, लांबून भरपूर पाणी टाकत राहा. विझल्यासारखा दिसला तरी पुन्हा भडकतो, म्हणून दिवसभर घरात आणू नका.

सोलर पॅनल आणि झटका मशीन

धुऱ्यावर झटका मशीनला (जनावरं रोखायला कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं यंत्र) लावलेल्या पॅनलवर पंपाची बॅटरी भरता येते. '१२ व्होल्ट'चं म्हणून मिळणारं पॅनल उन्हात १७-१८ व्होल्ट देतं, म्हणून मध्ये ते बॅटरीला झेपेल एवढंच ठेवणारा चार्ज कंट्रोलर हवाच. २० वॅटचं पॅनल भर उन्हात एक अँपिअरच्या थोडं वर देतं, स्वच्छ दिवशी चार-पाच एएच, म्हणजे बरोबर एक एकराची भरपाई. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. पावसाळी ढगात मात्र दोन-तीन दिवस काही भरत नाही, तेव्हा गावातला चार्जरच.

रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगाईंसाठी) लावलेल्या मशीनची बॅटरी सकाळी उतरलेली दिसली तर आधी तार बघा. गवत किंवा वेल तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि जनावर बिनधास्त आत येतं. आठवड्याला तारेखालचं गवत काढा. बॅटरी बसली म्हणून घरची लाईन थेट कुंपणात सोडायची नाही. झटका मशीन क्षणभराचा ठोका देतं, लाईन सोडत नाही. तशा कुंपणाला चिकटून माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत, आणि तो गुन्हा आहे.

बदलताना

नवी बॅटरी घेताना दुकानातच मोजायला सांगा. १२.६ च्या खाली असेल तर ती फळीवर बरेच दिवस पडून आहे, दुसरी मागा. यूपीएससाठीची सात एएचची बॅटरी त्याच आकाराची असते आणि बसते, पण ती रोज उतरवून भरायला बनवलेली नसते. ८ च्या जागी १२ एएचची मूळ कप्प्यात मावत नाही, ती रुंदीला जास्त आहे. जुनी आणि नवी जोडून 'ताकद वाढवणं' तर अजिबात नको, जुनी नवीला ओढून खाली आणते. नवी बॅटरी आधी पूर्ण भरा आणि मगच वावरात न्या.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, आणि शिशाचे पैसेही वजनावर वळते होतात. शिसं काढायला ती घरी फोडू किंवा वितळवू नका. तो धूर आणि ती राख पोरांच्या अंगात जाते. विहिरीच्या कडेला किंवा उकिरड्यावरही टाकू नका, तो उकिरडा उन्हाळ्यात शेणखत म्हणून वावरातच जातो.